रहस्यकादंबरी: वाचायची कशी, द्यायची कुणाला

“काहीतरी सस्पेन्सवालं द्या ना,” असं म्हणत सभासद काउंटरशी उभा राहतो, तेव्हा त्याला नेमकं काय हवंय ते त्या वाक्यावरून कधीच कळत नाही. कुणाला डिटेक्टिव्हच्या आधी खुनी पकडायचा असतो. कुणाला ठाणे ते सीएसएमटी हा वेळ कसा गेला ते कळू नये, एवढीच अपेक्षा असते. आणि कुणाला एखाद्या घराने तीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट वाचून मनसोक्त रडायचं असतं. शब्द तिघांचा एकच. तिघांच्या हातात एकच पुस्तक ठेवलंत, तर त्यातले दोघं ते अर्धवट वाचून परत आणणार.

वाचनालयात देवघेवीला बसणारे, सोसायटीत पुस्तकभिशी चालवणारे आणि ज्यांना मित्रमंडळी सतत “काय वाचू?” असं विचारतात असे सगळे, यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात वाचायची पद्धतही सांगितली आहे, कारण स्वतः नीट न वाचलेलं रहस्य दुसऱ्याला सुचवता येत नाही. फार तर त्याचं मलपृष्ठ वाचून दाखवता येतं.

पायरी १: गुपित कुणाच्या ताब्यात आहे ते बघा

‘खुनी कोण’ हा वाचकाचा प्रश्न. पुस्तक सुचवणाऱ्याने विचारायचा प्रश्न असा: या गोष्टीतलं गुपित कुणाकुणाला ठाऊक आहे, आणि कधीपासून? लेखक, देश, जाडी, पुरस्कार हे सगळं नंतर. या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुस्तकं लावली की कपाटाचा नकाशाच बदलतो.

पहिला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. शोध घेणारा आणि वाचक दोघंही अंधारात, आणि पुरावे दोघांसमोर एकदमच येतात. ही शर्यत आहे. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा व्योमकेश बक्षी, सत्यजित राय यांचा फेलूदा, अगाथा ख्रिस्तीच्या बहुतेक कादंबऱ्या या खणातल्या. शर्यत म्हटली की नियम आले. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतःही रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली दहा नियम लिहून काढले होते. गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीत लवकर यायला हवा, भुताखेतांचा आधार नको, डिटेक्टिव्हला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. नियम अर्थातच मोडले गेले, काही वेळा फार देखणे मोडले गेले. पण या खणातला वाचक मनातून हेच नियम धरून बसलेला असतो, आणि लेखकाने फसवाफसवी केली की तो तुमच्यावर चिडतो.

दुसऱ्या प्रकारात वाचकाला सगळं माहीत असतं, पोलिसांना नसतं. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची २००५ सालची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ घ्या. खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो. कुणी केला, का केला, शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक मदतीला कसा आला, सगळं दिसतं. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही. खुनी ओळखण्यात ज्यांना रस नाही पण एखाद्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला बघवतही नाही आणि सोडवतही नाही, त्यांच्यासाठी हा खण आहे.

तिसऱ्यात सगळ्यांकडे तुकडे असतात. विल्की कॉलिन्सची १८६८ सालची ‘द मूनस्टोन’ अशी आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला हिरा इंग्लंडमधल्या एका घरातून वाढदिवसाच्या रात्री नाहीसा होतो, आणि मग घरातला म्हातारा कारभारी, एक नको तितकी धार्मिक नातलग, वकील, असा एकेक जण आपापल्या वाट्याची हकीकत सांगतो. कारभारीबुवा अडचण आली की ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून त्यात उपदेश शोधतात. पुस्तक जाड आहे, पण बोलणाऱ्या माणसांची मजा घेणाऱ्याला ते जड जात नाही.

चौथा प्रकार असा, की गुपित खुद्द गोष्ट सांगणाऱ्याकडेच असतं आणि तो ते राखून ठेवतो. या प्रकारातली उदाहरणं मी देणार नाही. पुस्तकाचं नाव या खणाखाली लिहिणं म्हणजेच ते फोडणं. तुमच्या स्वतःच्या वहीत त्यांच्यापुढे एखादी खूण करा, जिचा अर्थ फक्त तुम्हालाच कळेल, आणि शर्यतवाल्या वाचकांना ती पुस्तकं शर्यतीच्या खणातली म्हणूनच द्या.

पाचव्यात सांगणारा स्वतःपासूनच लपवतो. काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ला १९८९ चं बुकर मिळालं. त्यातला बटलर चांदीची भांडी, पाहुण्यांची सरबराई, चाकरीतली प्रतिष्ठा यांबद्दल अत्यंत नेटकं बोलत राहतो, आणि तो जे बोलत नाही ते वाचकाला आधी कळतं. इथे ना खून आहे ना तपास. तरी मी हे पुस्तक रहस्यकादंबरीशेजारीच ठेवीन.

आणि सहावा प्रकार आपल्याकडे घरोघरी सापडतो. गुपित अख्ख्या घराला ठाऊक असतं, फक्त बोलत कुणी नाही.

पायरी २: वाचायला बसताना

प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी वाचा. मलपृष्ठ लिहिणाऱ्याला पुस्तक विकायचं असतं, त्यामुळे निम्म्या कथेतली कलाटणी तो पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत तर अभ्यासपूर्ण प्रस्तावनेतच शेवट सांगितलेला असतो. त्या लेखकाचं म्हणणं असतं की एव्हाना सगळ्यांना माहीतच आहे. नसतं.

एक कागदाची लांब पट्टी घ्या. तीच बुकमार्क आणि तीच वही. तिच्यावर पात्रांची नावं आणि नाती लिहीत जा. जपानी किंवा रशियन नावांसाठी हे लागतंच, पण चार भावांच्या मराठी कुटुंबातही कोण कुणाची जाऊ हे शंभराव्या पानावर विसरायला होतं. साधारण एक पंचमांश पुस्तक झालं की थांबा आणि आतापर्यंत आलेली सगळी नावं एकदा वाचा. नॉक्सचा नियम लेखकाने पाळला असेल, तर तुमचा माणूस त्या पट्टीवर आहे. ड्रायव्हर, डॉक्टर, दूधवाला, सगळे धरून.

वाचताना काय टिपायचं? एखादी गोष्ट गरज नसताना दोनदा सांगितली असेल तर टिपा. एखाद्या प्रश्नाला उत्तराऐवजी दुसरा प्रश्न आला, किंवा चहा आला, तरी टिपा. समजा, कादंबरीतल्या घरी एक काका दर गणपतीला येतात, आरतीला उभे राहतात आणि जेवायला मात्र शेजारच्या घरी जातात. लेखिका हे एकदाच सांगते आणि पुढे जाते. पन्नास पानांनंतर स्वयंपाकघरात कुणीतरी सहज म्हणतं, “काकांचं पान नका मांडू, त्यांना पथ्य आहे.” इथे पेन्सिल उचलायची. पथ्याचा माणूस शेजारी जाऊन मोदक कसे खातो? पथ्याचं कारण कुणी काढलं, कुणाच्या देखत काढलं, आणि ते ऐकून कोण गप्प राहिलं? चांगल्या लेखिकेने ते वाक्य पंचवीस माणसांच्या जेवणाच्या गडबडीत पेरलेलं असतं, म्हणून घाईत वाचणाऱ्याच्या हातून ते निसटतं.

तीन चतुर्थांशावर पुन्हा थांबा. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या जोडीच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत या सुमाराला एक खास पान यायचं: सगळे पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता ओळखा, असं वाचकाला आव्हान. तुमच्या पुस्तकात ते पान नसेल तर तुम्हीच घाला. पट्टीच्या मागे अंदाज लिहा आणि खाली कारण लिहा. नुसतं नाव लिहिण्यात काही अर्थ नाही. शेवटी जो सगळ्यांत निरागस तोच खुनी, असा ठोकताळा लावून नाव बरोबर येऊ शकतं आणि पुस्तक मात्र डोक्यावरून गेलेलं असतं.

शेवटचा भाग शक्यतो एका बैठकीत संपवा. आणि मग लगेच, पुस्तक मिटायच्या आत, पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. एखादं पुस्तक सुचवण्याजोगं आहे की नाही याची याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. चांगल्या रहस्यकादंबरीचं पहिलं प्रकरण दुसऱ्या वाचनात वेगळंच दिसतं: तेच संवाद, पण आता प्रत्येकाला दोन अर्थ. फसव्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात मात्र सरळसरळ खोटं सापडतं.

ऑडिओबुक ऐकणाऱ्यांची अडचण वेगळी. मागे जाऊन पान चाळता येत नाही आणि नावं कानावरून जातात. तुकड्यातुकड्यांच्या प्रकारातली पुस्तकं ऐकायला अवघड जातात. याउलट, एकच माणूस सगळी गोष्ट सांगतो ती पुस्तकं कधी कधी वाचण्यापेक्षा ऐकायला सरस ठरतात, कारण आवाजावर आपण पटकन विश्वास टाकतो.

पायरी ३: गुपित फुटल्यावर किती पानं उरतात?

गुपितांवरची भावनिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी यांच्यात बाहेरून फरक दिसत नाही. दोन्हींच्या मुखपृष्ठावर बंद दार किंवा पाठमोरी बाई असते. ओळखायची सोपी खूण: मोठं गुपित कितव्या पानावर कळतं ते बघा. अडीचशे पानांच्या पुस्तकात ते दोनशे तिसाव्या पानावर कळत असेल तर ते रहस्य. सव्वाशेव्या पानावर कळत असेल, तर लेखकाला खरा रस पुढच्या सव्वाशे पानांत आहे. आता या बाईने नवऱ्याच्या ताटात भाजी कशी वाढायची, मुलीने आईला काय हाक मारायची, गावच्या घराच्या वाटणीचं काय करायचं.

या दुसऱ्या पुस्तकांना धक्क्याच्या मापाने मोजू नका. “मला आधीच कळलं होतं,” अशी तक्रार त्यांच्याबाबतीत येते, आणि ती गैरलागू आहे. ते कळावं अशीच लेखिकेची इच्छा असते. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. ते नाटक आहे, कादंबरी नव्हे, पण हे समजून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वेळ काढायला म्हणून एका हौशी मंडळातले लोक खोटा खटला रचतात, लीला बेणारेला आरोपी करतात, आणि खेळातला खटला बघता बघता खरा होतो. प्रत्येकाला तिच्याबद्दल काही ना काही आधीपासून ठाऊक असतं. अंगावर काटा येतो तो गुपित काय आहे यामुळे कमी, ते कोण आणि किती चवीने उघडं करतंय यामुळे जास्त. भावनिक कादंबरी सुचवताना म्हणून मी हेच बघते, की गुपित बाहेर काढणाऱ्याला लेखकाने जाब विचारलाय का. नसेल विचारला, तर ती कादंबरी उखाळ्यापाखाळ्यांची.

पायरी ४: समोरच्याला विचारा

“आवडता लेखक कोण?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्यावर लोक शोभून दिसणारं उत्तर देतात. त्यापेक्षा विचारा, “शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि का सोडलंत?” यावर माणूस मोकळेपणाने बोलतो. “नावंच लक्षात राहिना,” “सगळेच वाईट निघाले,” “फार रडारड होती,” “शेवटच सांगितला नाही.” यातलं प्रत्येक वाक्य एकेक खण बाद करतं.

मग कधी वाचता ते विचारा. लोकलमध्ये वाचणाऱ्याला पाच-सात पानांची प्रकरणं लागतात. रात्री झोपताना वाचणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या आजींना भयकथा द्यायच्या आधी दोनदा विचार करा. अर्थात काही आज्यांना त्याच हव्या असतात, आणि त्या आपल्याला भीक घालत नाहीत.

मराठीतली मागणी ऐकताना थोडा जास्त कान द्यावा लागतो. “अर्नाळकरांसारखं काहीतरी” असं म्हणणाऱ्या साठी-सत्तरीच्या वाचकाला पुरावे जुळवायचे नसतात. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड त्याने शाळेच्या वयात क्रमिक पुस्तकाआड वाचलेले असतात, आणि त्याला तो वेग हवा असतो. त्याला ख्रिस्ती दिलीत तर वीस पानं नुसते चहा पिणारे इंग्रज बघून तो पुस्तक मिटेल. सुहास शिरवळकर द्या.

शिरवळकर आणखी एका कामाला येतात. २०१३ च्या चित्रपटामुळे ‘दुनियादारी’पर्यंत आलेल्या तरुण वाचकांना अनेकदा माहीत नसतं, की याच लेखकाने अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद अशी मंडळी उभी करून ढीगभर रहस्यकथा लिहिल्या. मैत्री-प्रेमाच्या गोष्टीकडून रहस्याकडे न्यायला एवढा सोपा पूल मराठीत दुसरा नाही. भाषा ओळखीची, संवाद चटपटीत, आणि वाचक कपाट बदललंय हे विसरूनच जातो.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना डिटेक्टिव्ह कथांच्या गठ्ठ्यात टाकू नका. धारपांकडे भय आहे. मतकरींच्या गूढकथेत शेवटी प्रश्न पुष्कळदा तसाच उरतो, आणि तो उरण्यातच तिची मजा. ज्याला शेवटच्या पानावर सगळे हिशेब चुकते झालेले लागतात, त्याला मतकरी दिलेत तर तो “पानं फाटलीत का?” असं विचारत येईल.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि त्यानंतर अशोक जैन यांनी मराठीत आणलेला फेलूदा. राय यांनी फेलूदाच्या गोष्टी १९६५ पासून लिहिल्या, त्या ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून सुरू झाल्या, त्यामुळे पालकांनी धास्तावावं असं त्यांत काही नाही. व्योमकेश मात्र मोठ्यांसाठी आहे. त्याच्या प्रकरणांत विवाहबाह्य संबंध, विषप्रयोग, इस्टेटीवरून भाऊबंदकी हे सगळं येतं. आणि ‘बंगाली’ म्हणून नाक मुरडणाऱ्याला सांगा, की शरदिंदु मुंबईत बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले.

पायरी ५: न फोडता सांगणं

“शेवटी असा धक्का आहे ना!” एवढं म्हटलंत की अर्धं पुस्तक गेलं. आता तो माणूस प्रत्येक पानावर धक्का शोधत बसणार. कलाटणी आहे हे सांगणं हीदेखील कलाटणी फोडणंच आहे. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या ‘द माउसट्रॅप’ नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना गुपित बाहेर न नेण्याची विनंती करतात, आणि लोक ती बऱ्यापैकी पाळत आले आहेत.

याच्या उलट बाजूचंही एक संशोधन आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून. सांगितलेल्यांना कथा सरासरीने जरा जास्तच आवडल्या. तरीही मी शेवट सांगणार नाही. ज्याला आधी शेवटचं पान वाचायचंय तो ते स्वतः उलटू शकतो, पण एकदा ऐकलेलं कुणाला विसरता येत नाही.

मग सांगायचं काय? परिस्थिती, वेग आणि वाचताना मनाची काय अवस्था होते ते. डाफ्ने द्यु मोरिए यांची १९३८ ची ‘रेबेका’ घेऊ. वाईट शिफारस अशी: “नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या मृत्यूमागचं भयंकर रहस्य उलगडणारी, धक्कादायक शेवट असलेली कादंबरी.” यातून वाचकाला खटकेबाज तपास अपेक्षित होतो आणि पहिल्या शंभर पानांत तो कंटाळतो. मी असं लिहीन: “समुद्राकाठच्या थोरल्या वाड्यात नवी मालकीण येते. वाड्यात जिकडेतिकडे आधीच्या मालकिणीचं नाव, हिचं नाव मात्र अख्ख्या पुस्तकात एकदाही येत नाही. सुरुवात संथ आहे, फुलं, जेवणं आणि नोकरांसमोरचा अवघडलेपणा यांत जाते. संकोची माणसाच्या मनात शिरायला आवडत असेल तर घ्या. निम्म्यानंतर रात्री उशिरा सुरू करू नका.” चार-पाच ओळींची चिठ्ठी. विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि संथ भाग संथ आहे हे आधीच कबूल केलेलं. वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास या कबुलीवरच टिकतो.

भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलताना पानाचा आकडा आधी, मत नंतर, आणि ज्याचं तिथपर्यंत झालेलं नाही त्याने पुढे वाचू नये. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानाऐवजी प्रकरण.

पायरी ६: आधी सांगायलाच हवं असं काही

लहान मुलाचा मृत्यू, लैंगिक अत्याचार, आत्महत्या. गुपितांच्या कादंबऱ्यांत बहुतेकदा यांपैकीच काहीतरी तळाशी असतं. हे सांगितलं तर गुपित फुटतं, नाही सांगितलं तर नुकतंच घरात काही घडलेल्या माणसाच्या हातात आपण नको ते ठेवतो. मी चिठ्ठी दुमडून पुस्तकात ठेवते आणि वरच्या बाजूला लिहिते, “आशयाबद्दल सूचना, हवी असल्यास उघडा.” ज्याला नको तो उघडत नाही. ओळखीच्या सभासदाच्या घरी काय झालंय हे माहीत असेल, तर चिठ्ठीही नको. ते पुस्तक सरळ बाजूला ठेवा आणि फेलूदा द्या.

पायरी ७: पुस्तक परत आल्यावर

“आवडलं का?” असं विचारू नका. “कुठपर्यंत अंदाज आला होता?” असं विचारा, आणि उत्तर वहीत त्याच्या नावापुढे दोन शब्दांत टिपा: ‘लवकर ओळखतो’, ‘निवेदकावर चिडली’, ‘शेवट उघडा चालत नाही’. पुढच्या खेपेला शोधाशोध निम्मी होते. न आवडलेलं पुस्तक आवडलेल्यापेक्षा जास्त माहिती देतं, त्यामुळे तोंड वाकडं करून आलेल्या सभासदाला जरा बसवून घ्या.

आणि पुस्तक कपाटात ठेवण्याआधी एकदा चाळाच. आमच्याकडे परत आलेल्या एका रहस्यकादंबरीत चाळिसाव्या पानाच्या आसपास एका नावाखाली निळ्या शाईची रेघ होती आणि समासात ठसठशीत अक्षरात ‘हाच!!’. पेन्सिल असती तर खोडरबराने गेलं असतं. शेवटी त्या समासावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवली. आता ती पट्टी बघून वाचक तिच्याखाली काय आहे ते नखाने खरवडून बघतात. त्यावर उपाय म्हणून आणखी चार पानांवर, जिथे काहीच घडत नाही तिथे, तशाच पट्ट्या लावल्या आहेत.